विहिरीतून समुद्राकडे: स्कूबा शिकताना उमजलेल्या गोष्टी

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी, तेरखेडा, पारगाव या पट्ट्यातली पोरं हल्ली मालवण-तारकर्लीला जाऊ लागली आहेत. कुणी कॉलेजच्या मित्रांबरोबर जातं, कुणी लग्नानंतर जोडीनं, कुणी सोयाबीनचे पैसे हातात आले की चार जण मिळून गाडी करून. सिंधुदुर्ग किल्ल्यामागं पाण्यात उतरून येतात, मोबाइलवरचा व्हिडिओ गावभर दाखवतात. त्यांतलं एखादं मात्र चार दिवसांनी घरी येऊन शांतपणे विचारतं, “दादा, हे नीट शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू? मास्क कोणता घेऊ? अख्खं किट ऑनलाइन मागवू का?”

त्या पोरांसाठी हे लिहितो आहे. बालाघाटाच्या पठारावरचा आमचा तालुका. टँकरची वाट बघण्यात इथले कितीतरी उन्हाळे गेले. मालवणचा समुद्र चारशे किलोमीटरहून लांब. तरीही इथल्या माणसानं समुद्राखाली उतरावं, तिथलं जग डोळ्यांनी बघावं, असं मला मनापासून वाटतं. मी पोहायला शिकलो विहिरीत, रीतसर डायव्हिंग शिकलो तारकर्लीत, आणि तेव्हापासून प्रत्येक हंगामात पाण्याखाली जात आलो आहे. या सगळ्यातून एक कसोटी हाती लागली: पाण्याखाली माझा श्वास कशानं शांत राहतो? शिक्षक निवडताना, बोट निवडताना, मास्कवर पैसे घालताना मी हाच प्रश्न विचारतो. खालच्या सगळ्या गोष्टी त्या एका प्रश्नाभोवतीच्या आहेत.

१. विहिरीतलं पोहणं कामाला येतं, पण दम कोंडायची सवय सोडावी लागते

आमच्याकडे पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून पोराला विहिरीत सोडतात. वर थोरलं माणूस दोरी धरून उभं असतं. काही दिवसांनी डबा सुटतो, मग दोरी सुटते. पाय टेकायला जागा नाही अशा पाण्यात निवांत राहायचं, हे त्यातून अंगात मुरतं. समुद्रावर पहिल्यांदा उतरताना शहरातल्या तरणतलावात शिकलेल्यांपेक्षा विहिरीतलं पोर कमी घाबरतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मात्र विहिरीत कौतुक होतं ते तळ गाठून मूठभर गाळ वर आणणाऱ्याचं. त्यासाठी छाती भरून श्वास घ्यायचा आणि कोंडायचा. स्कूबात हीच सवय जीवघेणी ठरू शकते. विहिरीत बुडी मारताना छातीतली हवा वरूनच घेतलेली असते. ती खाली दबते आणि वर येताना पुन्हा होती तेवढी होते. स्कूबात आपण खाली असताना नवी हवा घेतो, तीही त्या खोलीच्या दाबाची. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट झालेला असतो. तिथं छाती भरून घेतलेली हवा कोंडून वर आलात, तर ती दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. दाब आणि आकारमानाचा हा नियम रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली मांडला आणि आपण तो शाळेत पाठ केला. पाण्याखाली तो आपल्या छातीला लागू होतो. इजा व्हायला फार खोलीही लागत नाही. भरल्या छातीनं दम कोंडून दीड-दोन मीटर वर आलं तरी पुरे.

म्हणून शिक्षक पहिल्या दिवशी पहिलं वाक्य सांगतात: श्वास कधीही थांबवायचा नाही. तोंडातून रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारी झडप) निघाला, तरी तो परत बसेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं. विहिरीत वाढलेल्या माणसानं हे वाक्य दुप्पट वेळा घोकावं.

२. किनाऱ्यावरची बुडी आणि कोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

मालवणात पर्यटकांना मिळते ती अनुभव म्हणून केलेली बुडी. गाइड मागून तुमची टाकी धरतो, वर-खाली तोच नेतो, हवेचा काटा तोच बघतो. तुम्ही मासे बघायचे. त्यात काही वाईट नाही. पाण्याखाली आपल्याला कसं वाटतं, हे कळायला ती उत्तम. पण तेवढ्यानं डायव्हिंग येत नाही.

नीट शिकायचं तर ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा पहिला कोर्स. पाडी, एसएसआय अशा आंतरराष्ट्रीय संस्थांची ही प्रमाणपत्रं जगभर चालतात. पाडीचं किमान वय १० वर्षं. आधी वाचन आणि परीक्षा, मग तलावासारख्या बंदिस्त पाण्यात सराव, मग समुद्रात चार बुड्या. साधारण तीन-चार दिवस लागतात. न थांबता २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, त्याला वेळेची अट नसते. शिवाय १० मिनिटं तरंगत राहायचं. विहिरीतल्या पोराला हे जड नाही. कोर्स झाला की १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरण्याची पात्रता येते.

महाराष्ट्रात यासाठी तारकर्ली सोयीची. पर्यटन विकास महामंडळानं तिथं डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था उभारली आहे. सरावासाठी खोल तलाव आहे आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. मराठीतून समजावणारे शिक्षक मिळतात, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट. घाबरल्या क्षणी मनात येतात ते आपल्या भाषेत ऐकलेले शब्द.

३. आधी डॉक्टर

कोर्सआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दमा, फिट, हृदयविकार, कानाच्या पडद्याला छिद्र, सायनसचं ऑपरेशन, छातीची शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधं हे सगळं त्यात विचारलेलं असतं. गरोदर बाईनं डायव्हिंग करूच नये. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ म्हणावं लागलं, तर डॉक्टरांची लेखी संमती लागते.

आपल्याकडची माणसं इथं ‘कशाला उगीच’ म्हणून सगळीकडे ‘नाही’ लिहितात. तसं करू नका. दम्यात श्वासनलिका आकसून फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकली, तर वर येताना तीच हवा फुगते. तालुक्याच्या डॉक्टरांकडे डायव्हिंगचा पेशंट आलेला नसतो. म्हणून प्रश्नावलीचा कागद छापून सोबत न्या आणि तो समोर ठेवूनच तपासणी करून घ्या. हे काम गावातच उरकावं. मालवणला पोहोचल्यावर फॉर्म अडला, तर चारशे किलोमीटरचा प्रवास वाया जातो.

४. कान दुखायच्या आधी मोकळे करा

पहिल्यांदा उतरणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो कानांचा. पृष्ठभागापासून पहिल्या काही मीटरांतच दाब झपाट्यानं बदलतो आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हलकेच नाकात हवा सोडायची. कानात बारीक ‘टक्’ होतं, दाब सारखा होतो.

मी शिकताना शिक्षकांनी मला नांगराच्या दोरावर थांबवलं होतं. एक हात दोराला, दुसरा नाकाला. एक हात खाली सरकायचं, नाक दाबायचं, दोन्ही कान मोकळे झाल्याची खूण करायची, मगच पुढचा हात. दोराला चिकटलेलं हिरवं शेवाळ, त्यात अडकलेले कालवांचे बारके शिंपले, आणि बोटांमागून हळूहळू अंधुक होत जाणारं बोटीचं बूड. इतक्या सावकाश उतरताना कानांकडून तक्रार आली नाही. दुखेपर्यंत थांबलात की कानाची नळी बंद होते आणि मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही. अशा वेळी अर्धा-एक मीटर वर या, पुन्हा करून बघा. जोर लावू नका. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात जाऊच नका. गोळी घेऊन उतरलात आणि खाली असताना तिचा असर ओसरला, तर वर येताना हवा अडकते.

५. टाकीत साधी हवा असते, आणि तिचा हिशेब असतो

पाठीवर ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ आहे, असं गावात सगळे म्हणतात. त्यात असते आपण घेतो तीच हवा: सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, बाकी बहुतेक नायट्रोजन. गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन तर खोल पाण्यात विषारी ठरतो, झटके येतात. दाबाची हवा शरीराला लागेल तशी, लागेल तेवढीच देणारी सुटसुटीत झडप फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये तयार केली. आजचा रेग्युलेटर तिचाच वारसदार.

नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी ११ लिटरच्या आसपास असते आणि सुमारे २०० बार दाबानं भरतात. म्हणजे साधारण २,२०० लिटर हवा. त्यातले शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा घेतो असं धरा. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ३० लिटर लागतात आणि राखीव सोडून बुडी ५५ मिनिटं चालते. तोच माणूस गडबडला आणि मिनिटाला २५ लिटर ओढू लागला, तर अर्ध्या तासात काटा खाली येतो. श्वासाची लय इतकी मोलाची आहे.

आणि एक कळकळीची सूचना. हायवेच्या पंक्चरच्या दुकानातला किंवा स्प्रे-पेंटचा कॉम्प्रेसर बघून ‘यातूनच हवा भरू’ असं कुणी सुचवलं, तर त्याचं ऐकू नका. तो कॉम्प्रेसर तेलाची वाफ हवेत सोडतो, इंजिनाचा धूर शेजारी असेल तर कार्बन मोनॉक्साइडही ओढतो. विहिरीत इंजिन लावून काम करताना माणसं गुदमरून दगावल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. कारण तोच वायू. त्याला वास नाही, रंग नाही. दाबाखाली त्याचा घातकपणा वाढतो.

६. पहिली खरेदी मास्कची

कोर्सच्या आधी काही घ्यायचंच असेल, तर फक्त मास्क घ्या. बाकी सगळं भाड्यानं मिळतं आणि चालतं. मास्क मात्र ज्याच्या त्याच्या चेहऱ्यालाच बसायला हवा. पाणी गळत राहिलं की लक्ष तिकडं जातं, श्वास वाढतो आणि शिक्षक काय दाखवतात ते निसटतं.

बघायची पद्धत सोपी. केस मागं सारा. पट्टा काचेवर पुढं टाका. मान किंचित वर करा, मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा आणि नाकानं हलका श्वास आत ओढा. आता हात सोडा. मास्क चिकटून राहिला आणि कुठून हवा शिरल्याचं जाणवलं नाही, तर तो तुमचा. मग मान डावी-उजवीकडे फिरवून बघा, हसून बघा, तोंडात स्नॉर्कल धरून पुन्हा बघा. गाल हलले की कडा सुटते का, हे त्यातच समजतं. मिशी असेल तर नाकाखालच्या कडेतून पाणी येतं. नाकाच्या अगदी खालचे केस बारीक कातरले की बहुतेकांचं काम होतं.

काच टेम्पर्ड हवी, चेहऱ्याला टेकणारी कडा सिलिकॉनची हवी, आणि नाक आत बसून बाहेरून चिमटीत धरता आलं पाहिजे. पोहण्याचा साधा गॉगल इथं चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं आणि दाब सारखा करता येत नाही. अख्खा चेहरा झाकणारे जे स्नॉर्कलिंगचे मास्क ऑनलाइन दिसतात, तेही स्कूबासाठी नाहीत. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवता येतील असं मॉडेल निवडा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हे केलं आणि कित्येक बुड्यांनंतर पहिल्यांदा गोबी माशाच्या अंगावरचे ठिपके नीट बघितले.

नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यानं धुकं धरतं. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन काच आतून बाहेरून दोन-तीनदा चोळा, धुवा. उतरण्याआधी आत थुंकी फिरवून पाण्यानं विसळणं हा सगळ्यांचा उपाय. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

७. फिन्स आणि सूट मापाचे घ्या, भारी घेण्याची गरज नाही

ऑनलाइन आकडा बघून चप्पल मागवली तर ती चावते, फिन्सचंही तसंच. पूर्ण पाऊल आत घालायचे फिन्स हलके, स्वस्त आणि बोटीवरून उतरायला बरे. मागं पट्टा असलेले फिन्स निओप्रीनच्या बुटावर घालतात. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात जायचं असेल, तर ते सोयीचे. पाती फार लांब आणि कडक असली की पोटरीत वांब येतात. सुरुवातीला मध्यम लांबीची, थोडी लवचीक पाती बरी. पाय मांडीतून हलवायचा. गुडघ्यातून सायकल मारली की दमायला होतं आणि दमलात की हवा संपते.

कोकणातलं पाणी हंगामात साधारण २६ ते ३० अंशांचं असतं, तिथं ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेतं, त्यामुळं उन्हात घाम फुटत असला तरी दुसऱ्या बुडीला हुडहुडी भरते. सूट घट्ट हवा, पण छाती भरून श्वास घेता आला पाहिजे. दुकानातच तो घालून दहा दीर्घ श्वास घेऊन बघा.

८. मोठी खरेदी प्रमाणपत्रानंतर, आणि तीही क्रमानं

माझ्या मते क्रम असा: मास्क, फिन्स-बूट, डाइव्ह कॉम्प्युटर, रेग्युलेटर, मग बीसीडी.

कॉम्प्युटर मनगटावर असतो आणि खोली, वेळ, वर येण्याचा वेग सांगतो. या खोलीवर आणखी किती मिनिटं थांबता येईल, हेही सांगतो. तो प्रत्येकाचा स्वतःचा लागतो, कारण जोडीदाराची खोली आणि तुमची खोली कधीच तंतोतंत सारखी नसते. नवशिक्यानं साधा, मोठ्या आकड्यांचा घ्यावा. रंगीत पडद्यावर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा त्यात आणखी एक शिकवणी बसते.

रेग्युलेटर घेताना दुरुस्तीची सोय कुठं आहे, हे आधी विचारा. त्याची ठरावीक काळानं, बहुधा वर्षातून एकदा, जाणकाराकडून तपासणी लागते. ज्या कंपनीचे सुटे भाग मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात मिळत नाहीत, तिचा रेग्युलेटर कितीही स्वस्त असला तरी शेवटी महागात पडतो. टाकीला जोडायची दोन प्रकारची तोंडं असतात, योक आणि डिन. आपल्याकडे भाड्याच्या बहुतेक टाक्यांना योक चालतं. बीसीडी म्हणजे हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळणारं जाकीट. जुनं घेत असाल तर फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलेलं दिसलं तर सोडून द्या.

टाकी आणि शिशाची वजनं विकत घेऊ नका. वाशीत ती भरून कोण देणार? एसटीत आणि गाडीत वाहायची कशाला? ती प्रत्येक डाइव्ह सेंटरवर मिळतात.

९. गावच्या विहिरीत किट घालून उतरू नका

किट हातात आलं की पहिला मोह हाच होतो. विहिरीत पडलेली मोटार काढून देण्याची विनंतीही लगेच येते. नम्रपणे नाही म्हणा. विहिरीतलं पाणी गढूळ, तळाशी गाळ, वायर, दोर, फूटव्हॉल्व्ह. हात लागला की सगळं काळं होतं. चारही बाजूंनी कठडा, आणि वर मदतीला डायव्हिंग जाणणारं कुणी नाही.

शिवाय आपण उंचावर राहतो. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. तीनशे मीटरच्या वरची बुडी डायव्हिंगच्या नियमांत ‘उंचीवरची बुडी’ धरतात, तिचे हिशेब आणि शिक्षण वेगळं. गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं, त्यामुळं तिथं वजनंही वेगळी लागतात. मांजरा किंवा सीना-कोळेगावच्या धरणाच्या पाण्यालाही हेच लागू.

गावात करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. पोहण्याचा दम वाढवा. पाठीवर निवांत तरंगायला शिका. जवळच्या तरणतलावात मास्क-स्नॉर्कल लावून, मास्कमध्ये पाणी घेऊन नाकानं बाहेर काढण्याचा सराव करा. कोर्समध्ये बहुतेकांचं घोडं अडतं ते इथंच.

१०. बोटवाल्याला प्रश्न विचारा

शिक्षकाचं प्रमाणपत्र चालू आहे का? एकाच्या हाताखाली किती जण? बोटीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचार आहे का? गरज पडली तर कुठल्या दवाखान्यात नेता? चांगला माणूस या प्रश्नांनी खूश होतो. जो वैतागतो, त्याच्याबरोबर पाण्यात जाऊ नये. पैसे भरलेले असले तरी.

उतरण्याआधी जोडीदाराचं किट तुम्ही तपासायचं, तुमचं त्यानं. खुणा पाठ करा. अंगठा वर म्हणजे ‘वर जाऊ’. आपल्या सवयीप्रमाणं ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवलात, तर गाइड तुम्हाला घेऊन वर निघेल. ‘ठीक’ म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

११. बुडी मारून लगेच घाट चढू नका

ही गोष्ट किनाऱ्यावर कुणी फारशी सांगत नाही, कारण तिथल्या माणसाला घाट चढायचा नसतो. आपल्याला चढायचा असतो. पाण्याखाली श्वास घेताना रक्तात आणि स्नायूंत नायट्रोजन विरघळतो. सावकाश वर यावं, मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेग नको, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबावं, ते एवढ्याचसाठी. बाहेर आल्यावरही तो वायू तासन् तास निघत असतो. अशात हवेचा दाब आणखी कमी झाला, तर बुडबुडे तयार होऊन सांधे दुखणं, मुंग्या, बधिरपणा, भयंकर थकवा असा आजार होतो.

विमानप्रवासासाठी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस आहे: एका बुडीनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त बुड्या किंवा सलग दिवस असतील तर किमान १८ तास थांबा. त्यात धरलेली उंची सुरू होते सुमारे ६०० मीटरपासून. आंबोली ६९० मीटरवर आहे. गगनबावड्यानं या, फोंड्यानं या, आंबोलीनं या, घाटमाथा चुकत नाही आणि आपलं घरही पठारावरच. त्यामुळं मी शेवटची बुडी नेहमी परतीच्या आदल्या सकाळी ठेवतो. उरलेला दिवस मालवणच्या बाजारात, सिंधुदुर्ग किल्ल्यात जातो. प्रवासाचं नियोजन करताना हा एक मुक्काम जास्तीचा धराच.

कुणाला अशी लक्षणं दिसली, तर मालिश करत बसू नका आणि पुन्हा पाण्यात नेऊ नका. शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि तातडीनं डायव्हिंगचं वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं.

१२. परतल्यावरची निगा

मीठ वाळलं की त्याचे खडे कडांत बसतात. किट गोड्या पाण्यात भिजवून ठेवा. आपल्याकडे पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून मी मोठ्या टबात आधी मास्क, मग फिन्स, मग सूट एकाच पाण्यात बुडवतो आणि शेवटी ते झाडांना घालत नाही, कारण त्यात मीठ असतं. रेग्युलेटर मात्र स्वच्छ पाण्यात, वरची टोपी घट्ट बसवून, बटण न दाबता भिजवायचा. सगळं सावलीत वाळवा. चाळीस अंशांच्या वर पारा जाणारा आपला उन्हाळा आहे. पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवलेलं सिलिकॉन आणि रबर लवकर खराब होतं.

१३. तळाला हात लावू नका

मालवणचं समुद्री अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. तिथल्या खडकांवरचं प्रवाळ सजीव आहे आणि फार हळू वाढतं. वजनं जास्त बांधून गुडघ्यावर उभा राहणारा माणूस एका क्षणात अनेक वर्षांची वाढ मोडतो. श्वास आत घेतला की शरीर किंचित वर जातं, सोडला की खाली. एवढ्या हालचालीवर अधांतरी राहायला शिकलात की प्रवाळ वाचतं, हवा वाचते आणि मासेही पळून जात नाहीत. शंख-शिंपले आणू नका, माशांना पाव खायला घालू नका.

आता पहिल्या प्रश्नाकडं, सुरुवात कुठून करायची. कोकणातलं डायव्हिंग पावसाळ्यात बंद असतं आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा सुरू होतं. आपल्याकडं सोयाबीन निघतं तेही तेव्हाच. म्हणून जून ते सप्टेंबर पोहण्याचा सराव करा, प्रश्नावली डॉक्टरांकडून तपासून घ्या, मास्क चेहऱ्यावर लावून निवडा. दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा कोर्सला जा. तो पूर्ण झाल्यावर एक हंगाम भाड्याच्या किटवर काढा, आणि कुठल्या वस्तूशिवाय श्वास अडतो, कुठलीमुळं सुरळीत होतो, याची वहीत नोंद ठेवा. पुढच्या वर्षी खरेदीची यादी त्या वहीतून काढा. आणि तयारीला लागायचं ठरवलंत, तर येत्या रविवारी सकाळी तरणतलावावर भेटा. माझा मास्क घेऊन येतो, लावून बघा.